बहुवयीन गृहशिक्षण

बहुवयीन गृहशिक्षण : वेगवेगळ्या वयांच्या मुलांना, बहुधा एकाच घरातील भावंडांना, घरी एकत्र बसवून एका सामायिक अभ्यासक्रमावर शिकविण्याची पद्धत. विषय सर्वांना एकच, पण अपेक्षित काम ज्याच्या त्याच्या वयाचे, हे तिचे मुख्य लक्षण. शाळांतील बहुवर्ग अध्यापन हा तिचा जवळचा प्रकार. त्यात इयत्तांची पुस्तके वेगळी राहतात व शिक्षक आळीपाळीने एकेका इयत्तेकडे वळतो. येथे पाठ्यघटकच एक असतो.

उगम : उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत या पद्धतीचे मूळ पंतोजींच्या शाळेत शोधते. गावठी शाळांत आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. देवळात, ओसरीवर किंवा कोणाच्या पडवीत सर्व वयांची मुले एकत्र बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि मोठी मुले लहानांकडून परवचा म्हणवून घेत. या मताच्या पुष्ट्यर्थ इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याचा वृत्तांत दिला जातो. १६२३ च्या अखेरीस कर्नाटकातील होनावरहून इक्केरीकडे जाताना घाटातील एका देवळाच्या ओसरीवर त्याने चार मुले अंकगणित शिकताना पाहिली. एक जण सुरात धडा म्हणे व फरशीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने आकडे लिही. बाकीचे त्याच्यामागून तसेच करीत. गुरुजी तेथे नव्हते. चुकलात तर दुरुस्त कोण करतो, या प्रश्नावर, चौघेही एकाच जागी चुकणे शक्य नाही, असे उत्तर मुलांनी दिले. हे वर्णन अस्सल व मोलाचे आहे. तथापि चौघांनी गुरूंकडून एकच धडा घेतला होता असे तोच नोंदवितो. म्हणजे सहाध्ययनाचा हा उत्तम पुरावा आहे, बहुवयीन अध्यापनाचा नव्हे.

दुसरे मत स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल याच्या मद्रास पद्धतीला श्रेय देते. मद्रासच्या लष्करी अनाथालयात १७८९ पासून बेलने मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्याचा अहवाल लंडनला प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर याने लंडनमध्ये तशीच शाळा काढली. वाळूत लिहिण्याची रीत आपण मलबारी मुलांच्या शाळेत पाहिली, हे बेलनेच सांगितले आहे. म्हणून ही पद्धत येथून तिकडे गेली व शिक्षणसुधारणा म्हणून इकडे परतली, असे काही अभ्यासक मानतात. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी १९८३ मध्ये गावठी शाळांविषयीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील नोंदी प्रसिद्ध केल्यावर या मताला बळ आले. वाळू व धूळपाटीपुरते ते मान्य करण्यास हरकत नाही. परंतु बेल-लँकेस्टर पद्धतीचा हेतू थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुले सांभाळण्याचा होता, आणि तीत मोठे मूल हे शिक्षकाचे साधन होते. बहुवयीन गृहशिक्षणात मोठे मूल स्वतः शिकण्यासाठी बसलेले असते. हा भेद लक्षात घेता तिसरे मत अधिक पटते. ते या पद्धतीचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या गृहशिक्षण चळवळींशी लावते. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांनी १८९१ पासून घरी शिकणाऱ्या मुलांना टपालाने अभ्यासक्रम पाठविण्यास आरंभ केला. त्यात काही वर्षांच्या अंतरातील मुले एका गटात घेऊन त्यांना इतिहास, निसर्ग, काव्य हे विषय एकत्र दिले जात. मारिया माँटेसरी यांच्या बालगृहांतील तीन ते सहा वयाचा एकत्र गट हाही याच काळानंतर थोड्याच वर्षांनी आला.

कोकणातील पूर्वपीठिका : उत्तर कोकणात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि १९५७ च्या सुमारास डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर नेलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात, हे ध्यानी आल्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हे गृहशिक्षण नव्हे. पण भावंडांच्या वयातील अंतर ही अडचण न मानता त्याभोवती शाळा रचण्याचा विचार येथे घरच्या पद्धतीइतकाच स्पष्ट दिसतो.

अभ्यासक्रमाची रचना : प्रथम विषयांची विभागणी करावी लागते. परिसर अभ्यास, इतिहास, भूगोल, विज्ञानाचा प्राथमिक भाग, कवितापाठ, चित्रकला व श्रवणवाचन (मोठ्याने वाचलेले ऐकणे) हे विषय सामायिक चालतात, कारण त्यांत ज्ञान कोणत्याही पायरीवरून घेता येते. वाचन-लेखनाचा आरंभ व गणिताचा क्रम मात्र ज्याचा त्याला द्यावा लागतो. हातच्याची बेरीज न येणाऱ्या मुलाला अपूर्णांकांच्या पाठात बसवून काहीच साधत नाही. सामायिक विषयांचे तीन किंवा चार वर्षांचे चक्र आखतात. प्रत्येक घटक सहा ते आठ आठवडे चालतो. चक्र पुन्हा फिरते तेव्हा धाकटे मूल मधल्याच्या जागी आलेले असते व तोच घटक वरच्या थरावर शिकते. वयांतील अंतर चार-पाच वर्षांपर्यंत असेल तर एक बैठक पुरते. त्याहून जास्त असल्यास दोन गट करणे बरे.

रोजची बैठक साधारण अडीच ते तीन तासांची. आरंभी ४० मिनिटे सर्वांची एकत्र. मग वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या : पहिली सर्वांत धाकट्याची, कारण त्याचे लक्ष लवकर संपते आणि त्याला अजून एकट्याने काम करता येत नाही. तेवढ्यात मोठ्यांना स्वाध्याय. उरलेल्या वेळात प्रत्येक जण वही पुरी करतो. घटकाची वही सामायिक ठेवल्यास एकाच पानावर धाकट्याचे चित्र, मधल्याची दोन-तीन वाक्ये व मोठ्याचा परिच्छेद किंवा आलेख येतो. पालकाला तिन्ही थर एका नजरेत तपासता येतात.

किनाऱ्यावरील नमुना घटक : भरती-ओहोटी हा घटक किनाऱ्यालगतच्या घरांना सर्वांत सोयीचा. तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, हा नियम जाणत्यांना पाठ असतो. तिथी शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांत एकपासून मोजावी. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. आठ वर्षांच्या मुलाला पाऊणकीचा पाढा येथे खऱ्या उपयोगासाठी लागतो. बारा वर्षांच्या मुलाने नियम तपासावा : ३० तिथींत भरतीची वेळ २४ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे, बरोबर दोन घटका. पाऊण तास धरल्याने तिथीमागे तीन मिनिटे कमी पडतात व पंधराव्या तिथीला ४५ मिनिटांची तूट येते. हा नियम मुंबईच्या आसपास बरा जुळतो. भरतीची लाट दक्षिणेकडून येत असल्याने रत्नागिरी-मालवणकडे वेळ आधीची असते. तेथे आठ-दहा दिवस प्रत्यक्ष वेळा नोंदवून स्थानिक फरक काढावा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतील फरक कमी असतो तेव्हा, चूक वाढते, हेही मुलांना आकड्यांतून दिसू द्यावे.

मोजणीसाठी दर १० सेंटिमीटरवर रंगाची खूण केलेला सरळ बांबू खाडीतील धक्क्याच्या खांबाला बांधतात. नुसता चिखलात रोवल्यास तो कलतो व आकडे फसतात. उघड्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) लाटांमुळे वाचन होत नाही. खाडीतही तीन लाटांची वरची व खालची पातळी पाहून मध्य घ्यावा. तासातासाने सात नोंदी झाल्या की पहिल्या व शेवटच्या तासात पाणी थोडे आणि मधल्या दोन तासांत सर्वाधिक चढते, हे आलेखात उमटते. पाच वर्षांच्या मुलाने ओली रेघ कुठवर आली ते शंख-शिंपल्यांनी आखावे, मोजावे. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय कोणीही पाण्याकडे जाऊ नये, आणि तिसऱ्या-कालवे हे शिंपल्यांतील जीव पाहायला खाजणात (खाडीकाठच्या दलदलीत) उतरल्यास पाणी फिरण्याच्या आत परतावे. उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे) व भांगाचे असे दोन दिवस घेतले तरच तुलना होते.

हा घटक कार्तिक ते फाल्गुनात बसवावा. आगोटीनंतर, म्हणजे पावसाळा लागल्यावर, समुद्राकडे जाणे बंद, तेव्हा पर्जन्यमापन घ्यावे. सरळ बाजूंचा डबा व पट्टी पुरते. बुडाशी गोलाई असलेली बाटली वापरल्यास गोलाई संपेपर्यंत पाणी भरून तेथे शून्य धरावे. तोंडाशी बाटलीच्या दुप्पट व्यासाचे नरसाळे लावले तर वाचन चौपट येते, ते चाराने भागावे. एका दिवसात २०४.५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास हवामान खाते त्यास अत्यंत मुसळधार म्हणते. असे दिवस कोकणात येतातच, म्हणून डबा सकाळ-संध्याकाळ रिकामा करावा. वही या दिवसांत सर्दावते, शाई फुटते. कच्ची नोंद पाटीवर ठेवणे सोयीचे. गणपती, शिमगा व आंब्याचा हंगाम या काळांत सलग घटक ठेवू नये. उजळणी किंवा वाचन ठेवावे.

नेहमीचे दोष : सर्वांत मोठा दोष मधल्या मुलाच्या पातळीवर बोलण्याचा. धाकट्याला समजत नाही आणि मोठ्याला नवे मिळत नाही. माहिती मोठ्याच्या पातळीची सांगून प्रश्न वयानुसार विचारणे हा त्यावर उपाय. दुसरा दोष मोठे मूल उत्तर देऊन टाकते हा. उत्तरांचा क्रम नेहमी धाकट्यापासून ठेवावा. तिसरा व अधिक गंभीर दोष म्हणजे ताईला किंवा दादाला कायमचे पंतोजी करणे. समजावून सांगताना मोठ्याचे ज्ञान पक्के होते हे खरे, पण रोज तेच काम पडले की त्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. आठवड्यातून एकदोनदा, तेही त्याने आधी पुरा केलेला भाग, एवढी मर्यादा असावी. मुलाचा हा वेळ त्याचाच आहे. घरच्या सोयीसाठी तो काढून घेणे अन्यायाचे.

कायदा व परीक्षा : बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलास जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे तो सांगतो, पण ते न पाळल्यास शिक्षेची तरतूद करीत नाही. गृहशिक्षणाचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. याच कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात, त्यामुळे वाड्यावस्त्यांवरील लहान शाळांनाही बहुवर्ग अध्यापन अटळ होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब, क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. राज्य मंडळाच्या दहावीला खाजगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरतात. परीक्षेच्या दोन वर्षे आधीपासून मोठ्या मुलाचे बीजगणित, भूमिती व विज्ञान पूर्णतः वेगळे करावे लागते. श्रवणवाचन व कवितापाठ तेवढे भावंडांसह चालू राहतात.