‘फ्रिजला अर्थिंग येतंय’ म्हणजे नेमकं काय येतंय?

“दादा, फ्रिजला अर्थिंग येतंय, जरा बघून जा.” पावसाळा लागला की माझे निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. मी विचारतो, “शॉक बसतोय का?” पलीकडून उत्तर येतं, “हो, तेच. अर्थिंग मारतंय.”

अर्थिंग मारत नाही. अर्थिंग वाचवतं. फ्रिजच्या पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेऊन सोडणारी हिरवी तार म्हणजे अर्थिंग, आणि पत्र्यावर करंट येणं म्हणजे लीकेज, साध्या मराठीत गळती. नुसता नावाचा घोळ असता तर मी कधीच सोडून दिला असता. पण नाव चुकलं की दुरुस्तीही चुकते. लोक चांगलं मशीन विकून टाकतात आणि तुटलेली तार भिंतीत तशीच ठेवतात. किंवा तार जोडून घेतात आणि फुटलेली गीझरची कॉइल तशीच चालवतात.

तीन पिनी सॉकेट तुम्हाला माहीत आहे: समोरून पाहताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वरचं मोठं भोक अर्थिंगचं. फेजने करंट येतो, न्यूट्रलने परत जातो, अर्थिंगमधून एरवी वाहण्यासारखं काही नसतं. एमसीबी आणि आरसीसीबीतला फरकही एका वाक्यात संपतो. एमसीबी जादा करंट आला की वीज तोडतो, तारा जळू नयेत म्हणून; आरसीसीबी गेलेला करंट आणि परतलेला करंट जुळला नाही की ‘पडतो’, म्हणजे वीज तोडतो, माणूस मरू नये म्हणून. इथे थांबायची गरज नाही.

थांबायचं आहे ते पुढच्या गोष्टीपाशी. लीकेज आणि अर्थिंग नसणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. एक उपकरणात असतो, दुसरा भिंतीत. एक असताना दुसरा असेलच असं नाही. आणि शॉक बसतो तो बहुतेक वेळा दोन्ही एकत्र आल्यावर. म्हणून दोन्हीतला कुठलाही एक दुरुस्त केला की शॉक थांबतो आणि घरातले निर्धास्त होतात. दुसरा बिघाड जागच्या जागी बसून राहतो.

गीझरचं उदाहरण घ्या. कॉइल म्हणजे धातूची नळी, तिच्या आत गरम होणारी तार, आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड कोरडी आहे तोवर तारेतला करंट नळीपर्यंत येत नाही. बोअरच्या पाण्याने नळीवर चुना बसतो, चुन्याखाली धातू तापून सडतो. मागच्या वर्षी एका घरची कॉइल काढली, थर नखाने खरवडला, तर खाली मोहरीएवढं भोक होतं आणि भोकाच्या तोंडाशी पुडीची ओली पेस्ट. एवढंसं भोक, पण टाकीतलं सगळं पाणी फेजला जोडलं गेलेलं. तरी त्या घरात कुणालाच शॉक बसला नव्हता, कारण अर्थिंग शाबूत होतं. त्यांची तक्रार वेगळीच होती: “आरसीसीबी सारखा पडतो, तो काढून साधा स्विच बसवा.” एका वायरमनने तसं करून द्यायची तयारीही दाखवली होती. आरसीसीबी पडतो म्हणजे तो खराब आहे, हा समज मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. जो एकटा खरं सांगतोय त्यालाच घराबाहेर काढायचं?

आता उलटी बाजू. एका घरी वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. पाच वर्षांत त्यांनी दोन मशीनं बदलली. तिसरं नवंकोरं आलं, त्यालाही तेच. मी बोर्ड उघडला. हिरवी तार होती. नीट सोललेली, मग तिची गुंडाळी करून, काळी टेप मारून बॉक्सच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेली. सॉकेटच्या वरच्या भोकामागचा स्क्रू अगदी कोरा, त्यावर कधी पेचकस लागलाच नव्हता. तिन्ही मशीनं चांगली होती.

चांगल्या मशीनला झिणझिण्या कशा? आजकालच्या वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, कॉम्प्युटर यांच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून पत्र्याला आणि न्यूट्रलकडून पत्र्याला असे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून अगदी थोडा करंट पत्र्यावर येतो, तो अर्थिंगने निघून जावा अशीच रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११०–११५ व्होल्ट दिसतात. पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात मल्टीमीटरने हा आकडा दाखवला की मी आधी मशीन नाही, बोर्ड उघडतो. तळहाताची मागची बाजू अशा पत्र्यावरून हलकी फिरवली तर गुळगुळीत पत्रा बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. प्लग काढला की पुन्हा गुळगुळीत. धातूच्या लॅपटॉपवर हे अनेकांनी अनुभवलं असेल. (मुद्दाम करून बघू नका, विशेषतः ओल्या हाताने.) लॅपटॉपच्या दोन पिनी चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थिंग लागतच नाही, ती दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे.

“पण दादा, शॉक अगदी हलका आहे.” हे वाक्य मला ‘अर्थिंग येतंय’पेक्षाही धोकादायक वाटतं. साधारण अर्धा मिलिअँपिअर करंट माणसाला जाणवायला लागतो. दहाच्या आसपास हाताची पकड सुटत नाही. तीसच्या पुढे, थोडा वेळ टिकला तरी, हृदयाशी गाठ असते. म्हणून घरचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा. फिल्टरमधला कपॅसिटर स्वतःच करंटला अडवतो, तिथे आकडा एक मिलिअँपिअरच्याही खाली राहतो. भोक पडलेल्या कॉइलला असं अडवणारं काही नसतं. तिथे शॉक हलका बसला तर तो तुमच्या पायातल्या रबरी चपलेमुळे, कोरड्या फरशीमुळे. उद्या तुम्हीच अंघोळीला ओल्या फरशीवर अनवाणी उभे असाल. बिघाड तोच, चप्पल फक्त नाही. म्हणून ‘कसा लागतो’ यावरून बिघाड ओळखायला जाऊ नका, आणि मशीनखाली रबरी मॅट घालून शॉक गेला असं समजू नका.

मग ओळखायचं कसं? टेस्टरने, असं सगळे म्हणतात, आणि इथेच मोठी गफलत होते. टेस्टरचा निऑन दिवा इतक्या कमी करंटवर लागतो की फिल्टरच्या गळतीनेही लागतो आणि फुटक्या कॉइलनेही. लीकेज किती आणि कुठलं, हे त्याला कळत नाही. पण पत्र्यावर टेस्टर लागला तर एक गोष्ट पक्की समजते: त्या पत्र्याला नीट अर्थिंग नाही. चांगलं अर्थिंग असलेल्या पत्र्यावर, आतून गळती होत असली तरी, टेस्टर लागण्याइतके व्होल्ट टिकतच नाहीत. म्हणजे लोक ज्याने लीकेज तपासतात तो टेस्टर खरं तर अर्थिंग तपासत असतो. आणि तो लागला नाही याचा अर्थ लीकेज नाही असा मुळीच होत नाही.

लीकेज शोधायचं तर उपकरण अशा सॉकेटला लावा जिथे अर्थिंग खात्रीचं आहे आणि आरसीसीबी आहे; शेजाऱ्यांकडे असेल तर शेजाऱ्यांकडे. लावताच आरसीसीबी पडला तर दोष उपकरणात. पडला नाही आणि शॉकही गेला तर दोष तुमच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त. गीझर काही उचलून नेता येत नाही, त्यासाठी वायरमनला मेगर आणायला सांगा. मेगर ५०० व्होल्ट डीसी लावून इन्सुलेशन मोजतो. डीसीला कपॅसिटरमधून वाट नसते, त्यामुळे फिल्टरची निरुपद्रवी गळती त्याच्या आकड्यात येत नाही, खरी फूट तेवढी येते. एक मेगओहमच्या खाली आकडा आला की मी ते उपकरण चालू ठेवू देत नाही. मेगर न वापरता, नुसता हात लावून “काही नाही, चालतंय” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावं, पण ते दाबून अर्थिंग तपासलं असं समजू नये. बटण आतल्या आत करंटचा तोल बिघडवतं, जमिनीशी त्याचा संबंध नाही. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटणाने आरसीसीबी पडणारच. फरक प्रत्यक्ष बिघाडात पडतो. अर्थिंग असेल तर गळती सुरू झाली की आरसीसीबी पडतो, तुम्ही तिथे असा वा नसा. नसेल तर तो तुमच्या अंगातून करंट गेल्यावर पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसलो ती. अर्थिंग नसलेल्या घरात शॉकची तक्रार आली की काही जण सॉकेटमागे दोन इंचांची तार घेतात आणि न्यूट्रलमधून वरच्या भोकात लूप मारतात. टेस्टर विझतो. झिणझिण्या जातात. मल्टीमीटरही फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवतो. सगळे खूश. पण न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे. रोहित्रापाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे खरं, पण रोहित्रापासून तुमच्या सॉकेटपर्यंत तो करंट वाहून नेणारी तार असतो, आणि वाटेत तो कुठेही सुटू शकतो: खांबावर, मीटरपाशी, बोर्डातल्या ढिल्या स्क्रूपाशी. तो सुटला की मशीन बंद पडतं, पण फेज मशीनच्या आतून फिरून न्यूट्रलवर येतो आणि लूपमधून थेट पत्र्यावर. २३० व्होल्ट, कपॅसिटरची अडवणूक नाही, काही नाही. “मशीन का बंद पडलं” म्हणून बघायला जो हात लावेल, त्याला ते बसतात. त्या सॉकेटमध्येच फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर न्यूट्रल सुटायचीही वाट बघावी लागत नाही.

हा लूप ओळखायची एक खूण सांगतो. त्याच लाइनवर इस्त्रीसारखं जड उपकरण चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजा. खरं अर्थिंग असेल तर न्यूट्रलमध्ये करंट वाहत असल्यामुळे एखाद-दोन व्होल्ट दिसतात. इस्त्री चालू असूनही काटेकोर शून्य दिसलं तर मेन बंद करून सॉकेट उघडा, बहुधा लूप सापडेल. सापडला की तो कापा, आणि खरी तार ओढेपर्यंत ते सॉकेट वापरू नका. अर्थिंग आहे का हे फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून बघायची जुनी पद्धत आहे. तीही सगळे प्लग काढल्याशिवाय करू नये: हिरवी तार पुढे तुटलेली असेल तर दिव्यातून आलेला फेज घरातल्या प्रत्येक पत्र्यावर पसरतो.

पिन कापून तीन पिनीचं दोन पिनी करणं, हिरवी तार नळाच्या पाइपला बांधणं, यावर वेगळं लिहीत नाही. जुन्या लोखंडी पाइपमध्ये आता मधेच प्लॅस्टिकचा तुकडा आलेला असतो. मग बांधलेली तार करंट जमिनीत नेत नाही, नळाच्या तोटीवर आणते.

‘अर्थिंग येतंय’ हे वाक्य मात्र मी एकदा शब्दशः खरं झालेलं पाहिलं आहे. जुनी चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. फ्रिजला शॉक. मी घराचा मेन बंद केला, तरी फ्रिजच्या दारावर टेस्टर लागलेलाच. घरात वीज नाही आणि पत्र्यावर करंट आहे, म्हणजे तो बाहेरून येतोय, आणि बाहेरून येणारी, मेनने न तुटणारी एकच तार असते: हिरवी. खाली मीटरच्या खोलीत गेलो. सगळ्या घरांच्या हिरव्या तारा एका जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीला बांधलेल्या, आणि ती पट्टी फरशीच्या वर बोटभर अंतरावर गंजून तुटलेली. वरची सगळी घरं एकमेकांना जोडलेली, जमिनीला कुणीच नाही. एकेका घराचा मेन उतरवत गेलो. पहिल्या मजल्यावरच्या एका घराचा उतरवला तेव्हा वरून काकूंचा नातू ओरडला, “विझला!” त्या घरातला गीझर गळत होता. त्या घरातल्यांनाही कधीमधी झिणझिण्या यायच्या, पण ‘हलक्या’ म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

सोसायटीने अडीच मीटरचा नवा पाइप ठोकून पट्टी बदलली. त्याच संध्याकाळी शॉक सगळीकडून गेला, आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणाले की मग आता गीझरचं काम राहू द्या. मी मेगर लावून त्यांना काटा शून्यावर टेकलेला दाखवला आणि कॉइल बदलूनच निघालो.