लॅपटॉप तापून मंदावतो की वॅटच्या मर्यादेमुळे?

व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पहिलं अर्धं मिनिट लॅपटॉप सुसाट पळतो आणि मग रेंगाळतो. पंखा भणाणतोय, बूड गरम लागतंय, म्हणून बहुतेक जण तापण्यावर खापर फोडतात आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घेतात. पण वेग पडण्याची कारणं दोन. एक तर प्रोसेसरने तापमानाची मर्यादा गाठली, नाहीतर त्याला ठरवून दिलेली वॅटची, म्हणजे किती वीज ओढायची याची, मर्यादा लागली. दुसऱ्या प्रकारात पेस्टचा काही संबंध नाही.

विंडोजचा टास्क मॅनेजर सीपीयूचं तापमान दाखवत नाही. सेन्सरचे आकडे दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो 64 हा प्रोग्राम 'सेन्सर्स ओन्ली'वर टिक करून उघडा आणि प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी सिनेबेंच ही चाचणी 10 मिनिटं चालवा. वेग पडतो त्या क्षणी 'करंट'चा रकाना बघा. 'मॅक्सिमम'मध्ये क्षणभराचा 'येस'ही अडकून राहतो आणि फसवतो. तापमान 95–100 अंशांना टेकलंय आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे 'येस' आहे, तर उष्णतेचाच त्रास. तापमान 75 च्या आसपास आणि 'पॉवर लिमिट एक्सीडेड'पुढे 'येस', तर वॅटचा. इंटेलचा आय5-1235यू प्रोसेसर घ्या: बेस (मूळ मर्यादा) 15 वॅट, टर्बोत, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगात, कमाल 55. थोडा वेळ तो जास्त वॅट ओढतो, मग कंपनीने ठरवलेल्या आकड्यावर येतो. हा बिघाड नव्हे.

उष्णता असेल तर आधी जाळी साफ करा, पेस्ट नंतर. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून तो दिसत नाही. मागचं झाकण काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पंख्याचं पातं काडीने अडवून हवा मारा. पातं गरगर फिरू दिलंत तर बेअरिंग जाईल. मागची बाजू 2–3 सेंटीमीटर उचलून ठेवल्यानेही फरक पडतो. तातडीचा उपाय हवा असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 99 टक्के करा: टर्बो बंद, तापमान बरंच खाली. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात; नागपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा केव्हाच ओलांडते, तेव्हा थोडी मंदी गृहीत धरा.

वॅटचा प्रश्न असेल तर कंपनीच्या ॲपमधला 'क्वाएट' मोड बंद करा, चार्जर तपासा. 65 वॅटच्या लॅपटॉपला 45 वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तरी मंदी येते. तापमान जेमतेम 50 आणि वेग 400–800 मेगाहर्ट्झवर चिकटलेला दिसला तर बहुधा लॅपटॉप चार्जर ओळखतच नाहीये. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई वाकली की हेच होतं, आणि बॅटरीही चार्ज होत नाही.