जुना साईडबोर्ड : सोलापूरच्या घरातला वापर

साईडबोर्ड म्हणजे जेवणाच्या खोलीत भिंतीला लावून ठेवायचं लांबट, बुटकं कपाट. वर सपाट फळी नाहीतर संगमरवर, मधे ड्रॉवर, दोन्ही बाजूंना दाराचे कप्पे. उंची कमरेएवढी, ९० सेंमीच्या आसपास, लांबी दीड ते दोन मीटर. मागे उंच आरसा आणि त्याला कोरीव महिरप असली तर वळण बहुतेक व्हिक्टोरियन. सोलापुरात साईडबोर्ड हा शब्द वापरणारे थोडेच, कुणी शोकेस म्हणतं, कुणी आरशाचं टेबल, आणि ज्यांच्या घरी आहे ते नुसतं 'ते मोठं कपाट' म्हणतात.

मूळ वस्तू इंग्लंडची, १८ व्या शतकातली. रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराने वाढपाचं एक टेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना उभे कप्पे अशी मांडणी लोकप्रिय केली, एका कप्प्यात आतून पत्रा मारून ताटं गरम ठेवायची सोय, वरच्या कलशात भांडी खंगाळायला पाणी. पुढे हे तिन्ही तुकडे जोडून एकच वस्तू झाली. जॉर्ज हेपलव्हाइट या इंग्रज फर्निचर कारागिराचे नमुने त्याच्या मृत्यूनंतर १७८८ साली छापले गेले तोवर साईडबोर्ड म्हणजे काय हे तिकडे ठरून गेलं होतं. भारतात या नमुन्यांची नक्कल सागवानात आणि शिसवीत झाली.

आता गंमत बघा. ही वस्तू टेबलावर जेवणाऱ्यांची, आणि आपल्याकडे पंगत पाटावर. ज्या घरात जेवणाचं टेबलच नाही तिथे त्याच्या बाजूचं कपाट कशाला? त्यामुळे जुन्या फर्निचरचा 'नवा वापर' म्हणून हल्ली जे कौतुकाने दाखवतात ते सोलापुरात वस्तू उंबऱ्याच्या आत आली त्याच दिवशी होऊन गेलेलं असतं. रेल्वे इथे १८६० मध्ये आली, मोरारजी गोकुळदासांची गिरणी १८७७ ची, म्हणजे आपली जुनी मिल, आणि त्यांच्यामागून साहेबी राहणी बंगल्यांमधे आली. आमच्याकडचा साईडबोर्ड आजोबांनी असाच एका बंगल्यातल्या लिलावात घेतला आणि बैलगाडीतून पेठेत आणला म्हणे. आजीने पहिल्या दिवशी त्यात काय ठेवलं, तर चादरी. ताटं मांडणीवरच राहिली, ती शेवटपर्यंत.

यातला सगळ्यात मजेदार भाग म्हणजे बाटल्यांचा खण. दिसायला बाहेरून दार नाहीतर दोन ड्रॉवर, उघडलं की एकच खोल खण आणि आत उभे खाने, दारूच्या बाटल्या आडव्या होऊ नयेत म्हणून. आमच्या घरी दारूचं नाव काढायची सोय नव्हती, त्या खान्यांत वर्षानुवर्षं मेणबत्त्या, घड्याळाची किल्ली, रेशनकार्ड आणि आजीच्या छत्र्या उभ्या. पण एक गोष्ट सांभाळा. जुन्या इंग्रजी साईडबोर्डात या खणाला आतून शिशाचा पत्रा मारलेला असायचा, बर्फ-पाण्याने लाकूड खराब होऊ नये म्हणून. आत मऊ, राखाडी, नखाने ओरखडा उठेल असा पत्रा दिसला तर तिथे शेंगाचटणी, पापड, लोणचं काहीही खायचं ठेवू नका, मुलांची खेळणीही नको.

जुना की जुन्यासारखा, हे ओळखायला ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करायचा. कोपऱ्याचा जोड कबुतराच्या शेपटीसारखा असतो, सुतार त्याला डव्हटेलच म्हणतात, तो हाताने कापलेला असेल तर खाचा कमीजास्त रुंदीच्या दिसतात, मशीनचा असेल तर सगळ्या एकसारख्या. स्क्रूचं टोक बोथट असेल तर वस्तू १९ व्या शतकाच्या मध्याच्या आधीची असू शकते, अर्थात जुना स्क्रू नव्या लाकडात मारणारे पण आहेतच. पाठीला प्लायवूड असेल तर एक तर वस्तू २० व्या शतकातली नाहीतर पाठ नंतर बदललेली. सागवानाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, मागच्या फळ्या मात्र साध्या लाकडाच्या असतात आणि घूण तिथूनच सुरू होतो, खाली ताजा पिवळसर भुसा पडलेला दिसला की समजायचं.

सोलापूरची हवा हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, हवा कोरडी ठक्क, लाकूड आकसतं आणि रुंद फळीला सरळ चीर जाते. मग आपण कूलर लावतो, त्याची ओली हवा नेमकी एका बाजूला लागते, त्या बाजूचे ड्रॉवर फुगून बसतात आणि दुसऱ्या बाजूचे खुळखुळे. तेव्हा ओढाओढ केली की पितळी मूठ हातात येते. आमचा सुतार म्हणाला होता, "खिळा मारू नका ओ मालक, फाटतंय बघा ते. कूलर हलवा आधी." ड्रॉवर सरकतो त्या पट्टीवर मेणबत्ती घासली की बहुतेक वेळा काम होतं, रंधा लगेच मारायचा नाही कारण हवा कोरडी झाली की तोच ड्रॉवर ढिला पडतो.

पॉलिशबद्दल लोक घाई करतात. जुनं पॉलिश बहुधा लाखेचं, चपडा म्हणजे साफ केलेली लाख स्पिरिटमधे विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर दिलेलं. मागे कुठेतरी स्पिरिटचा एक थेंब टाकून बघायचा, चिकट झालं तर लाख. अशा पॉलिशवर गरम पातेलं ठेवलं की पांढरं वर्तुळ उठतं. पण थर फक्त मळलेला असेल तर तो साफ होतो, सगळं घासून वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा, प्लास्टिकसारखा) चकचकीत थर द्यायची गरज नसते (माझ्या मते तो दिलेला साईडबोर्ड हॉटेलच्या काउंटरसारखा दिसतो). वर वेनिअरचा, म्हणजे चिकटवलेल्या भारी लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर घासायचं मशीन लावूच नका, एका फटक्यात खालचं लाकूड उघडं पडतं.

हल्ली सगळ्यात जास्त होतो तो टीव्ही युनिट. उंची बरोबर बसते, वायरीसाठी भोक मात्र पाठीच्या फळीला पाडायचं, वरच्या फळीला नाही. वॉशबेसिनखाली पण लावतात, मला ते पटत नाही, पाणी झिरपून पाय कुजतात. काही घरी मधल्या भागात देव ठेवतात, तेव्हा समईखाली तबक हवंच. स्वयंपाकघरात घेतला तर संगमरवराचे हाल होतात, हळदीचा डाग पिवळा राहतो आणि लिंबाने चकाकी जाते, संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आंबट त्याला खातं.

खरोखर १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. मुलगा अमेरिकेत आहे म्हणून कपाट तिकडे पाठवायचा बेत असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी.

वाड्यातून फ्लॅटमधे हलवताना ते अख्खं उचलायला जाऊ नये. आरशाची पाठ बहुधा मागून स्क्रूने जोडलेली असते, ती आधी सुटी करायची, मग ड्रॉवर, मग संगमरवर. दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि २ सेंमी जाड फरशी एकटीच ४० किलो भरते, आणि ती आडवी धरली तर मधे मोडते, काचेसारखी उभी धरूनच जिना चढवायची.