व्हेल शार्क हा व्हेल नाहीये, आणि बास्किंग शार्क म्हणजे त्याचाच भाऊ पण नाही

कित्येक वर्षं हेच फिरतंय की व्हेल शार्क म्हणजे देवमाशाचीच एक जात आणि बास्किंग शार्क हे त्याचंच दुसरं नाव. दोन्ही चूक! देवमासा सस्तन प्राणी आहे, हवेत श्वास घ्यायला वर येतो, त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. व्हेल शार्क मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेतो, शेपटी उभी, डावी-उजवीकडे हलते. बस, शेपटी बघा, लगेच कळतं.

आता हे दोघं. व्हेल शार्क जगातला सगळ्यात मोठा मासा, १८ मीटरपर्यंत वाढतो, गरम समुद्रात राहतो, अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून फोटोवरून एकेक मासा ओळखता येतो, मला तर ही गोष्ट फारच भारी वाटते. बास्किंग शार्क दोन नंबरचा, थंड पाणी आवडणारा, करडा-तपकिरी, त्याच्या कल्ल्यांच्या फटी जवळजवळ पूर्ण डोक्याभोवती फिरलेल्या असतात. दोघंही प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातात, माणसाला नाही. पण व्हेल शार्क पाणी तोंडात ओढून घेऊ शकतो, बास्किंग शार्कला तसं जमत नाही, तो नुसता तोंड उघडं ठेवून पोहत राहतो.

बास्किंग शार्क हिवाळ्यात तळाशी झोपून राहतो असंही पूर्वी मानायचे, अंगावर माग काढणारे टॅग लावल्यावर कळलं की तो थंडीतही फिरतच असतो.

लिव्हरच्या तेलासाठी, मांसासाठी, परांसाठी दोघांचीही खूप शिकार झाली, आज दोन्ही जाती धोक्यात आहेत.