अडकित्ता आणि नाल्यावरचा पूल

अडकित्त्यात सुपारी धरली की वरून पातं येतं, खालून बूड टेकतं आणि सुपारी वाकायच्या आत कातरली जाते. वडोदऱ्यात एखाद्या कांसेवरचा, म्हणजे पावसाळी नाल्यावरचा, बुटका स्लॅबपूल, म्हणजे काँक्रीटच्या सपाट लादीचा पूल, ओलांडताना मला तेच दिसतं. वर डंपरचं मागचं चाक, खाली आधाराची भिंत, मध्ये काँक्रीट. या कातरण्यालाच शिअर म्हणतात.

वाकून तुटणारा पूल बहुधा आधी सांगतो. मधोमध खालून भेगा पडतात, झोल दिसतो. शिअर तेवढी सवड देत नाही. आधाराजवळ एक तिरका तडा, की संपलं. बीममध्ये तो तडा शिवायला सळ्यांभोवती लोखंडी रिंगा असतात. जुन्या स्लॅबपुलांत बहुतेक नसतातच. मग दोन बाजू धरून कोण ठेवतं? वरचा न तडकलेला पट्टा, तडा ओलांडणाऱ्या आडव्या सळ्या आणि भेगेत एकमेकींत अडकलेली खडी.

खडीची गंमत अशी की स्लॅब जाड केला तर तडा रुंदावतो, खडी मात्र तेवढीच राहते. पकड सैल होते. म्हणून आयआरसी ११२ च्या, म्हणजे काँक्रीट पुलांच्या भारतीय नियमावलीच्या, शिअरच्या सूत्रात एक गुणक आहे. सळ्यांपर्यंतची खोली २०० मिमी असेल तर २, ८०० असेल तर १.५. दर चौरस मिलिमीटरची ताकद सरळ पाव हिश्शाने कमी! कॅनडात लाव्हालचा द ला कॉन्कोर्ड पूल ३० सप्टेंबर २००६ ला कोसळून पाच जण गेले. तिथला स्लॅब जाडजूडच होता, पण शिअरची सळई नव्हती. सळ्या चुकीच्या जागी बसल्या होत्या आणि काँक्रीटही कमअस्सल, हेही खरं.

आपल्याकडचं गणित करून पाहू. खोली ४५० मिमी, एम २५ काँक्रीट (दाबाखाली दर चौरस मिमीला २५ न्यूटन ताकदीचं), अर्धा टक्का लोखंड. उत्तर येतं दर चौरस मिमीला सुमारे ०.४३ न्यूटन. मीटरभर रुंद पट्टीला साधारण साडेएकोणीस टन.

पण चाकाचा भार एका पट्टीवर थोडाच थांबतो! तो बाजूला पसरतो. किती रुंदी मोजायची, यावरच तपासणीचं उत्तर फिरतं. चाक आधाराला अगदी खेटून असेल तर भार तिरका थेट भिंतीत उतरतो, म्हणून खोलीच्या दुपटीच्या आतल्या भाराला नियमच सूट देतो. घातक जागा त्याच्या थोडी पलीकडे.

त्यात कांस रस्त्याला काटकोनात क्वचितच भेटते. तिरक्या पुलात भार विशालकोनाच्या कोपऱ्यात गोळा होतो. तपासताना टॉर्च तिथे आधी मारायचा. विश्वामित्री नदीजवळची कांस असेल तर त्याच्याही आधी पाण्यावर, मगर आहे का ते बघायला.