लिगामेंट तुटलं, की प्रोब तिरका धरला?

कबड्डीत पकड बसते किंवा दुचाकी घसरते, गुडघा पिळवटतो. एक्स-रेत हाडं शाबूत दिसली की घरचे म्हणतात, ‘चला, काही झालं नाही.’ पण एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, दिसतच नाही. ते सोनोग्राफीत दिसतं, तेही खाटेपाशीच. मात्र प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग, धरणाऱ्याचा हात तयार हवा.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, हे या तपासणीचं हक्काचं गिऱ्हाईक, कारण ते कातडीखाली लगेचच असतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो 20 ते 30 अंश वाकवायचा, भरपूर जेल लावायचं आणि 10-12 मेगाहर्ट्झचा सपाट लिनियर प्रोब उभा ठेवायचा. एक टोक मांडीच्या हाडावर, दुसरं नडगीवर. धडधाकट एमसीएल म्हणजे दोन उजळ पट्टे, मधे बारीक काळी रेघ. दुखावलेलं जाड, काळसर दिसतं. पूर्ण तुटलं असेल तर तंतूंत खंड दिसतो.

घोळ होतो तो या ‘काळसर’पाशी. लिगामेंटचे कोलॅजेन तंतू समांतर आणि ताणलेले असतात. ध्वनीसाठी तो आरसाच. लहरी काटकोनात आदळल्या तर प्रतिध्वनी थेट प्रोबकडे येतो आणि पट्टा उजळतो. प्रोब 5 अंश कलला, तर परावर्तनाच्या नियमाने प्रतिध्वनी 10 अंश बाजूला जातो. प्रोबला तो पुरेसा पोचत नाही आणि ठणठणीत लिगामेंटही काळं दिसतं. याला अनायसोट्रॉपी म्हणतात. गंमत अशी, की एमसीएल वरच्या टोकाला मांडीच्या हाडावरून वळतं आणि बऱ्याचदा फाटतंही तिथेच. म्हणून काळा डाग दिसला की प्रोबचं एकेक टोक आळीपाळीने हलकेच दाबून कोन बदलायचा. डाग उजळला तर तो भास होता. प्रत्येक कोनातून काळाच राहिला, शिवाय दुसऱ्या गुडघ्यापेक्षा पट्टा जाड असला, तर इजा धरायची.

मग नडगी हळूच बाहेरच्या बाजूला ढकलून सांध्याची फट किती उघडते ते बघायचं. पाय सरळ ठेवून हे केलं तर आतली इतर लिगामेंट सांधा धरून ठेवतात आणि फसगत होते. दुखण्याने स्नायू आवळलेले असले तरी तेच.

वाटीच्या वर प्रोब ठेवला की सांध्यात साचलेलं रक्त दिसतं. जोरात दाबलं तर ते बाजूला सरकतं आणि ‘पाणी नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. रक्तावर चरबीचा थर तरंगत असेल तर सांध्यातलं हाड मोडलेलं असण्याची दाट शंका.

एसीएलचं, म्हणजे सांध्याच्या आतल्या लिगामेंटचं, काय? ते हाडांच्या खाचेत खोल आणि तिरकं. मऊ ऊतीत ध्वनी दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण 0.5 डेसिबल क्षीण होतो. 12 मेगाहर्ट्झवर 5 सेंटिमीटर खोल जाऊन परत यायचं म्हणजे 60 डेसिबलची घट; दहा लाखातला एक भाग उरतो. वारंवारता कमी केली तर बारकावे जातात, आणि वाटेत हाड आलं तर सगळंच खुंटतं. तेव्हा मोबाइलला जोडायच्या प्रोबला ‘खिशातला एमआरआय’ म्हणणाऱ्या जाहिराती सोडून द्या; एसीएल आणि हाडांमधल्या गादीसाठी एमआरआयच लागतो. तोवर सुजलेला गुडघा हाडवैद्याकडून ओढून घेणं तर त्याहून वाईट.

आपल्याकडे एक अडचण कायद्याचीही आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे, गुडघाच बघायचा असला तरी सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदलेलं यंत्र उचलून मनाला येईल त्या मैदानावर नेता येत नाही.