सात नव्या पैशांचा अंक

पुण्यात सकाळी दारात पडणारा मराठी पेपर अमृततुल्यातल्या चहापेक्षा स्वस्त मिळतो. कागद, शाई, छपाई, पहाटेची टेम्पोची फेरी, विक्रेत्याचे कमिशन आणि संपादकीय विभागाचे पगार एवढे सगळे त्या किमतीत बसत नाही, हे उघड आहे. उरलेला खर्च जाहिरातदार उचलतो. दसऱ्याच्या सुमारास खरे पहिले पान सापडायला आधी बिल्डर, सराफ आणि मोटारींची पाने उलटावी लागतात, ती यामुळेच. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की पेपर नेहमीच असा चालत आला असेल असे वाटते. पण तसे नाही. ती टप्प्याटप्प्याने घडली आणि त्यातला एक निर्णायक खटला पुण्याच्याच एका दैनिकाने लढवला.

सुरुवात वर्गणीदारांपासून करावी लागेल. चिपळूणकर, आगरकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 जानेवारी 1881 ला इंग्रजी 'मराठा' आणि 4 जानेवारीला, मंगळवारी, 'केसरी' काढला, तेव्हा आधी 'आर्यभूषण' छापखाना उभा करावा लागला. छापखाना हाती नसेल तर पत्र दुसऱ्याच्या मर्जीवर, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. उत्पन्न मुख्यतः वर्गणीचे, आणि वर्गणी थकवणे हा त्या काळच्या वाचकांचा जुना रोग. जाहिराती असत, पण त्या पुस्तकांच्या आणि औषधांच्या. त्यांच्यावर पत्र जगत नव्हते. 1891 च्या सुमारास भागीदारी फुटून दोन्ही पत्रे टिळकांकडे आली ती कर्जासकट. संसाराची सोय त्यांनी वेगळी केली. पुण्यात कायद्याचे वर्ग चालवले आणि निजामाच्या मुलखातल्या लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी घेतली. लोकमान्यांच्या चरित्रात हा कारखाना ओझरत्या दोन वाक्यांत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. अग्रलेखाची धार टिकवायची तर संपादकाच्या घरची चूल अग्रलेखावर अवलंबून असू नये, ही त्यातली व्यावहारिक अक्कल आहे.

मालकी ज्याची, मत त्याचे हेही याच पिढीने अनुभवले. सामाजिक सुधारणांवरून मतभेद विकोपाला गेले, तेव्हा आगरकरांनी 1887 मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा 'सुधारक' काढला. दुसऱ्याच्या पत्रात जागा मागत बसण्यापेक्षा नवे पत्र काढणे त्या वेळी परवडत होते. आज पुण्यात कुणी असा विचार करून पाहावा.

सरकारलाही पत्रांची नाडी पैशात आहे हे कळले होते. राजद्रोहाचे खटले गाजायचे, लेखक हुतात्मा व्हायचा आणि खप वाढायचा. 1910 च्या प्रेस ॲक्टने यावर शांत उपाय शोधला: छापखान्याकडून आणि प्रकाशकाकडून जामीन म्हणून रोख रक्कम घ्यायची आणि मजकूर खटकला की ती जप्त करायची. शिवराम महादेव परांजप्यांचे 'काळ' साप्ताहिक जबर जामिनाच्या मागणीपुढे बंद पडले. तुरुंगाने जे साधले नाही ते अनामत रकमेने साधले.

1 जानेवारी 1932 ला ना. भि. परुळेकरांनी 'सकाळ' सुरू केला आणि गणित बदलले. नानासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते आणि अमेरिकेतली वृत्तपत्रे कशी चालतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. पत्र कुठल्या पक्षाचे नसावे, कुणा श्रीमंताच्या देणगीवर नसावे, स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी खप हवा आणि खपासाठी सगळ्यांना उपयोगी पडणारा मजकूर: नगरपालिका, बाजारभाव, शाळा-कॉलेजे, तालुक्यांतून येणारी वार्तापत्रे. मतपत्रांवर पोसलेल्या पुण्याला हे सुरुवातीला अळणी लागले असणार. पण जो माणूस केवळ अग्रलेखासाठी पेपर विकत घेत नव्हता, तो यातून वाचक झाला, आणि ज्या दुकानदाराला गिऱ्हाईक हवे होते त्याला ते एका जागी सापडले. छोट्या जाहिरातींनी बाकीचे काम केले. 'ज्ञानप्रकाश', 1849 पासूनचे पुण्याचे पत्र, 1951 मध्ये थांबले. 'केसरी' मात्र टिकला, आधी साप्ताहिकाचा अर्धसाप्ताहिक आणि अखेर 1962 मध्ये दैनिक झाला.

याच सुमारास दिल्लीत एका चांगल्या हेतूने गुंता तयार होत होता. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने 1954 मध्ये अहवाल दिला. मोठ्या भांडवलाची दैनिके भरपूर पाने कमी किमतीत देतात, तोटा जाहिरातींतून भरून काढतात आणि जिल्ह्यातल्या लहान पत्रांना उभे राहू देत नाहीत, हे त्यातले एक निरीक्षण. उपाय सुचवला तो पानांनुसार किंमत बांधून देण्याचा. त्यानुसार 1956 मध्ये कायदा झाला आणि 1960 मध्ये दैनिकांसाठी आदेश निघाला: इतक्या किमतीला जास्तीत जास्त इतकीच पाने, त्याहून जास्त द्यायची तर किंमत वाढवा. जाहिरातींना किती जागा द्यायची, यावरही नियंत्रणाची सोय कायद्यात होती.

या आदेशाविरुद्ध 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईतल्या गिरणीवाल्यांच्या किंवा बड्या घराण्यांच्या पेपरने तक्रार केली असती तर नवल नव्हते. पण ज्यांचे संरक्षण करायचे म्हणून कायदा होता, त्यांच्या बऱ्याच जवळचे हे प्रादेशिक पत्र. कामकाजात नोंदले गेलेले आकडे त्या काळच्या पेपरचा धंदा उघडा करून दाखवतात. रोजचा खप सुमारे 52,000, रविवारचा 56,000. आठवड्यातले पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत 34 पाने. किंमत 7 नवे पैसे (रुपयाचे शंभर), रविवारचा दहा पानी अंक 12 नव्या पैशांना. सुमारे 40 टक्के जागा जाहिरातींची. आदेश पाळायचा तर किंमत 8 नवे पैसे करावी लागली असती, नाहीतर तेवढ्याच किमतीत 34 ऐवजी 24 पानांवर यावे लागले असते. एका नव्या पैशाची वाढ आज हास्यास्पद वाटते. पण तेव्हाच्या वाचकाच्या महिन्याच्या हिशेबात पेपर हा सर्वात आधी कापला जाणारा खर्च होता. वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या, हा या खटल्यातला मला आवडणारा भाग.

सरकारचे म्हणणे असे की वृत्तपत्राला धंद्याचीही बाजू आहे आणि धंद्यावर लोकहितासाठी बंधने घालता येतात. घटनापीठाच्या वतीने न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या 25 सप्टेंबर 1961 च्या निकालाने हे फेटाळले. किती पाने आणि किती किमतीला, यावरून पत्र किती लोकांपर्यंत पोचते हे ठरते. म्हणून किंमत आणि पाने बांधणे म्हणजे अभिव्यक्तीच बांधणे. जाहिरातींची जागा कापली तर किंमत चढेल आणि खप उतरेल, हेही न्यायालयाने स्पष्ट म्हटले. कायदा आणि आदेश, दोन्ही रद्द झाले.

म्हणजे जाहिरात ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक अट आहे, हे पुण्याच्या सात नव्या पैशांच्या अंकाने घटनेच्या पातळीवर मान्य करून घेतले. निकाल बरोबरच होता असे मी म्हणेन. पाने मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणे घातकच. पण कमिशनची चिंताही खोटी नव्हती, आणि ती कायद्याबरोबर रद्द झाली नाही. 1972 मध्ये वृत्तपत्री कागदाच्या कोट्याचा आणि दहा पानांच्या मर्यादेचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हीच दिशा धरली. न्या. मॅथ्यू यांनी वेगळे मत नोंदवले. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि ऐकले जाण्याची संधी यांतले अंतर त्यांना दिसत होते. 1994 मध्ये दिल्लीत एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने किंमत दीड रुपयावर आणून प्रतिस्पर्ध्यांची दमछाक केली. त्यानंतर कमी किमतीची लढाई शहराशहरांत पोचली, पुण्यातही. किंमत आणि रद्दीचा भाव यांची तुलना घरोघरी होऊ लागली. स्वस्त पेपरचा हक्क आता ज्यांच्या खिशाला तोटा सोसवतो त्यांच्या कामी आला होता.

मासिकांची कथा थोडक्यात सांगण्यासारखी. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्यातून पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' वाढली आणि पुण्यात स्थिरावली. नांगराच्या धंद्याने मराठी मध्यमवर्गाला मासिके दिली. दूरदर्शनवर 1976 पासून जाहिराती सुरू झाल्यावर असल्या मासिकांच्या वाट्याची रक्कम आटत गेली. 'माणूस' साप्ताहिक 1986 मध्ये थांबले. दिवाळी अंक तेवढे टिकले आहेत, कारण वर्षातून एकदा जाहिरात मागायला जाता येते.

पुणे माहिती तंत्रज्ञानाचे आणि घरबांधणीचे शहर झाल्यावर इथला वाचक जाहिरातदारांना फार हवासा झाला. मुंबईच्या समूहांनी पुणे आवृत्त्या काढल्या, पुरवण्या वाढल्या, हिंजवडीपासून वाघोलीपर्यंतचे प्रकल्प छापून येऊ लागले. सदनिका विकत घेऊ शकणाऱ्याला काय वाचायचे आहे ते पान आपोआप रुंद झाले. वेल्हे किंवा भोरच्या डोंगरात शाळा बंद पडली तर ती बातमी येतेच, पण ती जिल्ह्याच्या पानावर, पुणे शहरात न दिसणारी.

त्या जिल्हा पानांमागचा माणूस या साऱ्यात सर्वात कमी बोलला जातो. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस आला की शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या आणि त्याच नेत्याच्या पाणी योजनेची बातमीही द्यायची. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याचे आणि वेतन मंडळांचे संरक्षण त्याच्यापर्यंत बहुधा पोचलेच नाही, आणि कंत्राटी पद्धत आल्यावर शहरातल्या पत्रकारांच्याही हातून ते निसटत गेले. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'चा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, गवगवा झाला, तेव्हा अनेकांनी धक्का बसल्यासारखे दाखवले. तालुक्यात काम केलेल्या कुणालाही त्यात नवे काही दिसले नसावे. तिथे जे किरकोळ चालत होते ते वरच्या पातळीवर घाऊक झाले, इतकेच.

पुढचा फटका दोन बाजूंनी बसला. 2019 च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्री कागदावर 10 टक्के सीमाशुल्क लागले. पुढच्या वर्षी ते 5 टक्क्यांवर आणले गेले. आणि एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने घरोघर पेपर टाकण्यावर बंदी घातली. ओरड झाल्यावर ती मुख्यतः मुंबई आणि पुणे परिसरापुरती राहिली. विक्रेत्यांची लाइन बंद, दुकाने बंद म्हणून जाहिराती बंद, पाने निम्म्यावर. त्या आठवड्यांत पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहालाच पेपरांच्या पीडीएफ फिरू लागल्या, आणि त्या फिरवणाऱ्यांवर कारवाई करू असे वृत्तपत्रांना जाहीर करावे लागले. गंमत अशी की त्या पीडीएफमध्ये उरल्यासुरल्या जाहिरातीही जशाच्या तशा होत्या. पण त्या किती डोळ्यांखालून गेल्या हे मोजता येत नव्हते, त्यामुळे त्यांचा दरही लावता येत नव्हता.